मापात पाप नको

सांगलीतील एका जुन्या अडत पेढीच्या घरी मागील मार्गशीर्षात पाहुणे आले होते. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम रीतसर पार पडला. चहा-पोहे झाले, दोन्हीकडच्या नातलगांच्या ओळखी निघाल्या, हळदीच्या भावावरही बोलणे झाले. मग मुलाच्या आत्याबाईंनी विचारले, "मुलगी नोकरी करते म्हणे. कशात आहे?"

"रुग्णालयात रेडिओग्राफर आहे," मुलीची आई म्हणाली.

"म्हणजे एक्स-रे काढते?" आत्याबाईंनी कप खाली ठेवला. "राग मानू नका, पण ते किरणांतले काम. आज काही दिसत नाही. उद्या घरात पाळणा हलायचा म्हटले तर?"

दिवाणखान्यात कोणी बोलेना. मुलीच्या वडिलांनी मान खाली घातली. सगळ्यांच्या नजरा नकळत अण्णांकडे, मुलीच्या आजोबांकडे वळल्या. अण्णांचे वय ऐंशीच्या घरातले. पाच वर्षांपूर्वी, नात या शिक्षणाला निघाली तेव्हा, हाच प्रश्न त्यांनी स्वतः विचारला होता आणि तोही याहून कडक शब्दांत.

त्या वर्षी नातीची बारावी झाली होती. वैद्यकीय प्रवेशाला लागणारे गुण थोडक्यात हुकले. घरातील सर्वांनी गृहीत धरले की, आता ती बी.कॉम. करील आणि पेढीचे हिशेब पाहील. तिने मात्र रेडिओग्राफीच्या पदवीचा अर्ज आणला. अण्णांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "फोटो काढायला पदवी कशाला? पेठेतला फोटोवाला कोणत्या कॉलेजात गेला होता?"

अण्णांचा हा समज एकट्याचा नव्हता. हाड मोडले की लोक 'फोटो काढून या' असेच म्हणतात. तो फोटो वाचून निदान सांगतो तो रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. पण डॉक्टरांसमोर येणारी प्रतिमा निर्माण करणारा, रुग्णाला यंत्रासमोर नीट उभा करणारा किंवा झोपवणारा आणि किती किरण सोडायचे हे ठरवणारा वेगळा असतो. तो रेडिओग्राफर. त्याचे काम चुकले तर डॉक्टरांचे निदान चुकू शकते. हा फरक नातीने त्या दिवशी समजावण्याचा प्रयत्न केला. पण अण्णांच्या मनातील खरी अडचण निराळीच होती. ती त्यांनी रात्री सुनेजवळ बोलून दाखवली. "मुलीची जात आहे. किरणांत वावरली तर तिच्या संसाराचे काय?"

वडिलांनी मात्र व्यापाऱ्याच्या रीतीने विचार केला. माल घेण्याआधी तो पाहावा, या न्यायाने ते दोन-तीन महाविद्यालयांत जाऊन आले. त्यांचे प्रश्न तीनच होते. पदवी कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाची? महाविद्यालयाला स्वतःचे चालते रुग्णालय जोडलेले आहे का? आणि एका यंत्रामागे विद्यार्थी किती? महाराष्ट्रात आरोग्यविषयक पदव्या देणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे. काही अभिमत विद्यापीठेही हा अभ्यासक्रम चालवतात. एका ठिकाणी माहितीपत्रक गुळगुळीत होते, परंतु सी.टी. स्कॅनचे यंत्र कुठे आहे असे विचारताच 'लवकरच येणार आहे' असे उत्तर मिळाले. वडील तेथून चहा न घेता परतले. शेवटी पुण्यातील एका रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयात प्रवेश झाला. अण्णांनी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. निघताना नातीच्या हातावर पाचशे रुपये ठेवले एवढेच.

पहिले वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि भौतिकशास्त्र यांतच गेले. हाडे दोनशे सहा. पण त्यांची नावे पाठ करून भागत नाही. एखादे हाड समोरून कसे दिसते, बाजूने कसे आणि दुसऱ्या कोणत्या हाडाच्या सावलीत लपते, हे डोळ्यांसमोर उभे करावे लागते. भौतिकशास्त्रात किरणांचा इतिहास आला. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन या प्राध्यापकाला हे अज्ञात किरण सापडले, आणि त्याच डिसेंबरमध्ये त्याने पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांवरची अंगठी त्या चित्रात स्पष्ट उमटली होती. १९०१ मधील भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, पण या शोधाचे पेटंट त्याने घेतले नाही. नातीने ही गोष्ट फोनवर सांगितली तेव्हा अण्णा क्षणभर थांबून म्हणाले, "एवढा मोठा माल हातात असून त्याने भाव लावला नाही?" त्या वर्षी त्यांनी तिच्या अभ्यासाची केलेली ही पहिली चौकशी.

त्याच इतिहासाची दुसरी बाजूही वर्गात शिकवली गेली, आणि ती तिने घरी सांगितली नाही. सुरुवातीच्या काळात या किरणांचा धोका कोणालाच ठाऊक नव्हता. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली रोज स्वतःचा हात किरणांत धरून यंत्र तपासत असे. त्याचे हात सडले, कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो मरण पावला. एडिसनने त्यानंतर या कामाकडे पाठ फिरवली. अशा बळी पडलेल्या डॉक्टर, शास्त्रज्ञ व तंत्रज्ञांचे स्मारक १९३६ मध्ये हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयात उभारले गेले. त्यावर दीडशेहून अधिक नावे कोरली होती. म्हणजे अण्णांची भीती निराधार नव्हती. ती जुन्या काळापुरती खरी होती. पुढच्या शंभर वर्षांत काय बदलले, हे त्या भीतीला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या वर्षी रुग्ण समोर आले. छातीचा साधा फोटो घ्यायचा तरी किती गोष्टी पाहाव्या लागतात! रुग्णाने छाती प्लेटला टेकवून उभे राहायचे, कारण हृदय छातीच्या पुढच्या बाजूला असते आणि ते प्लेटच्या जितके जवळ तितकी त्याची सावली खऱ्या आकाराची पडते. यंत्र सुमारे सहा फूट दूर ठेवायचे. खांदे पुढे वळवायचे, म्हणजे खांद्यांची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. मग खोल श्वास घेऊन रोखायचा. फोटोवर डावे-उजवे दाखवणारी खूण हवीच. ती विसरली तर चुकीच्या बाजूवर उपचार होण्याचा धोका असतो. किरण हवे तेवढ्याच भागावर पडावेत म्हणून चौकट आवळायची. आणि शेवटी दोन आकडे ठरवायचे. एक किरणांची भेदकता ठरवणारा, दुसरा त्यांचे प्रमाण ठरवणारा. रुग्ण सडपातळ की स्थूल, लहान की मोठा, यावर ते आकडे बदलतात. बटण दाबणे ही या सगळ्यातील सर्वांत सोपी गोष्ट.

त्याहून अवघड गोष्ट म्हणजे विचारणे. वयात आलेल्या स्त्रीला किरण देण्यापूर्वी ती गरोदर तर नाही ना, शेवटची पाळी कधी आली, हे विचारावेच लागते. गावाकडून आलेल्या नव्या सुना सासूसमोर याचे उत्तर देत नाहीत, किंवा संकोचाने भलतेच देतात. नातीने मग एक रीत पाडून घेतली. "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा, आत किरण असतात," असे म्हणून सासूबाईंना बाहेर बसवायचे आणि दार लावून मग प्रश्न विचारायचा. एका सुनेने तेव्हा हळूच सांगितले की, दिवस चढले असावेत असे तिला वाटते, पण घरी अजून बोलली नाही. नातीने यंत्र बंद ठेवले आणि डॉक्टरांना कळवले. ही रीत पुस्तकात नव्हती. घरात आई-काकींमध्ये वाढलेल्या मुलीला ती आपोआप सुचली.

वसतिगृहातील दिवस सोपे नव्हते. मेसचे रात्रीचे जेवण आठला, आणि घरची सवय सूर्यास्तापूर्वीची. ती साडेपाचला डबा खाऊन घेई आणि रात्रपाळी असली तरी पुन्हा काही घेत नसे. शिशाचा ॲप्रन काही किलो वजनाचा. तो तासन्‌तास अंगावर ठेवून पाठ भरून येई. अपघाताचे रुग्ण, रक्त, आक्रोश हे सारे पाहून पहिल्या महिन्यात तिने दोनदा परत यायचा विचार केला. फोन आईने घेतला होता. आई एवढेच म्हणाली, "ये हवी तर. पण हरून येऊ नकोस, ठरवून ये." ती आली नाही.

तिसऱ्या वर्षी ती गोष्ट घडली, जिने तिचे शिक्षण खऱ्या अर्थाने पुरे झाले. दुपारची गर्दी होती. एका मोठ्या माणसाच्या छातीचा फोटो झाला आणि लगेच चार वर्षांचा एक मुलगा आला. घाईत तिने आकडे बदलले नाहीत. फोटो सुरेख आला. मुलगा हलला नव्हता, फुप्फुसे स्वच्छ दिसत होती. वॉर्डातील डॉक्टरांनी पाहून 'छान' म्हटले. मात्र पडद्याच्या कोपऱ्यात एक्स्पोजर इंडेक्सचा आकडा होता, आणि तो सांगत होता की त्या लेकराला गरजेपेक्षा कितीतरी जास्त किरण मिळाले आहेत.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जुन्या काळी फिल्म असे. किरण जास्त झाले की फिल्म काळी पडे आणि चूक चारचौघांत उघडी होई. आताच्या डिजिटल यंत्रात तसे होत नाही. संगणक प्रतिमा सावरून घेतो. किरण कमी पडले तर प्रतिमा दाणेदार दिसते आणि डॉक्टर तक्रार करतात. जास्त पडले तर प्रतिमा उलट अधिकच नितळ दिसते आणि कोणी तक्रार करीत नाही. म्हणून हात नकळत जास्तीकडे झुकत जातो. रुग्णाला कळत नाही, नातेवाइकांना कळत नाही, डॉक्टरांनाही बहुधा कळत नाही. कळते फक्त आकडा पाहणाऱ्याला.

एका फोटोने त्या मुलाचे काही बिघडले नसते, हे तिलाही ठाऊक होते. छातीच्या फोटोत मोठ्या माणसाला साधारण एक-दशांश मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी किरणमात्रा मिळते, तर माती, आकाश आणि अन्न यांतून प्रत्येक माणसाला जगभराच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट तशीच मिळत असते. ती गप्प बसली असती तर चालून गेले असते. पण संध्याकाळी तिने वरिष्ठ तंत्रज्ञांकडे जाऊन चूक सांगितली. ते रागावले नाहीत. त्यांनी नोंदवही पुढे सरकवली आणि म्हणाले, "लिही. आणि का झाले तेही लिही. एकाचे बिघडले नसते, हे खरे. पण आज लिहिले नसतेस, तर उद्या हाच आकडा सवयीचा झाला असता. मग दिवसाला चाळीस मुले, वर्षाला किती, हा हिशेब तूच कर."

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा ही हकीकत तिने पेढीवर अण्णांना सांगितली. अण्णा नमुन्याची हळद पाहत होते. हळकुंड मोडायचे, आतला रंग बघायचा, वास घ्यायचा आणि मग भाव बोलायचा, ही त्यांची साठ वर्षांची रीत. नात म्हणाली, "अण्णा, तुम्ही मोडून आतले बघता. आम्हांला न मोडता बघायचे असते, आणि बघताना थोडीशी किंमत दुसऱ्याच्या शरीराकडून घ्यायची असते. ती जरुरीपेक्षा जास्त घेतली तर विचारणारे कोणी नसते."

अण्णांनी हातातले हळकुंड खाली ठेवले. थोडा वेळ ते काट्याकडे पाहत राहिले. त्यांच्या वडिलांच्या काळी लोखंडी वजने दर खेपेला तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागे. झिजलेले वजन वापरले तर शेतकऱ्याला ते कळत नसे. कळे फक्त दुकानदाराला. अण्णा सावकाश म्हणाले, "म्हणजे हे मापात पाप झाले. आणि तू ते आपल्या हाताने वहीत लिहिलेस." एवढे बोलून त्यांनी गुमास्त्याला चहा आणायला सांगितले. 'फोटो काढायला पदवी कशाला' हे वाक्य त्या दिवसानंतर त्या घरात पुन्हा ऐकू आले नाही.

पाळण्याची शंका मात्र अजून शिल्लक होती. तिचे उत्तर बोलण्यातून मिळाले नाही, कागदातून मिळाले. किरणांत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत, टी.एल.डी. नावाचा एक बिल्ला असतो. त्यातील चकत्या मिळालेली किरणमात्रा साठवून ठेवतात. नंतर त्या तापवल्या की तेवढ्या प्रमाणात प्रकाश देतात आणि हिशेब निघतो. दर तीन महिन्यांनी बिल्ला तपासणीला जातो व प्रत्येकाच्या नावावर आकडा नोंदला जातो. भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाने याची मर्यादा ठरवून दिली आहे. पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. स्त्री कर्मचाऱ्याने गरोदर असल्याचे कळवले, की उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक मात्रा पोहोचू नये, असाही नियम आहे.

नोकरी लागल्यावर तिने आपल्या पहिल्या वर्षाचे चारही अहवाल अण्णांसमोर ठेवले. अण्णांनी ते बँकेच्या पासबुकासारखे वाचले. तिमाही, तारीख, आकडा. चारही मिळून बेरीज एका मिलिसिव्हर्टच्याही आत होती. "मर्यादा वीसची, आणि खर्च एकाच्या आत?" त्यांनी पुन्हा बेरीज करून पाहिली. नातीने कारण सांगितले. बटण दाबताना ती भिंतीआड असते. अंतर दुप्पट केले की किरणांचा जोर चौथाईवर येतो. वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा, ही तीन पथ्ये आहेत. यंत्र बंद झाले की दिवा विझावा तसे किरण संपतात. ते कपड्याला चिकटून घरी येत नाहीत. अण्णांनी ते अहवाल तिजोरीच्या खणात, वायदा-पावत्यांच्या शेजारी ठेवले.

मार्गशीर्षातील त्या संध्याकाळी पाहुण्यांच्या प्रश्नावर अण्णा उठले ते या खणाकडेच गेले. चारही कागद त्यांनी आत्याबाईंसमोर ठेवले. "तुमची शंका रास्त आहे," ते म्हणाले. "मीही हेच विचारले होते. हा तिचा खातेउतारा. मर्यादा वर लिहिली आहे, आकडा खाली आहे. तुमच्या ओळखीतल्या कोणत्याही डॉक्टरांना दाखवा आणि मग ठरवा."

पाहुण्यांनी कागद पाहिले, मुलाने त्यांचा मोबाईलवर फोटो घेतला. आठ दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला. शंका फिटली आहे. मुलगी पसंत आहे. फक्त लग्नानंतर नोकरी सोडावी, घरी कशाची कमी नाही. वडिलांना स्थळ सोडवेना. चांगले घर, ओळखीचे, व्यापार सचोटीचा. त्यांनी मुलीला दोन दिवस विचार करायला सांगितले. तिने दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी नको म्हणाली. वडील नाराज झाले, आणि ती नाराजी अजून पुरती गेलेली नाही. अण्णांनी मध्यस्थांना स्वतः फोन केला. "शंका होती, ती आम्ही फेडली. ही अट आहे. अट मान्य करणे न करणे तिचा अधिकार. तुमच्या घराबद्दल आदर आहे." फोन ठेवल्यावर मुलाकडे वळून ते एवढेच म्हणाले, "आपण पेढी लग्नासाठी बंद केली होती का?"

व्यापारी घरांतील मुले-मुली आता नव्या वाटा धरीत आहेत. २०२१ मध्ये संसदेने रेडिओग्राफीसह अशा अनेक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि या कामांना शिक्षणाचा व नोंदणीचा एक निश्चित पाया मिळू लागला. पण पदवीचा कागद यंत्रापर्यंत नेऊन पोहोचवतो; पुढचे काम सचोटीचे आहे. ती सचोटी या घरांना नवी नाही. ज्या घरात ग्राहकाची पाठ असतानाही काटा सरळ धरायला शिकवले जाते, त्या घरातील लेकरू या खोलीत परके ठरत नाही.

नातीचे स्थळ अजून ठरलेले नाही. सकाळी सात वाजता तिची पाळी सुरू होते. आईच्या कडेवरचे मूल आत आले की ती यंत्राकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारते, "ताई, याचे वजन किती?" आई सांगते. मग ती मोठ्या माणसाचे आकडे पुसते, लहानाचे भरते, आणि बटणाला हात लावण्यापूर्वी ते पुन्हा एकदा वाचून पाहते.